आलेखांतील रिकामी जागा

पुण्याच्या वायव्येस पिंपरी-चिंचवड व त्यापुढें चाकण असा जो कारखान्यांचा पट्टा पसरला आहे, तेथील यंत्रांचा खडखडाट २०२० च्या मार्च महिन्याअखेर थांबला. २५ मार्चपासून साऱ्या देशांत टाळेबंदी लागू झाली होती. आकुर्डीस मुख्य कचेरी व चाकणला कारखाना असलेल्या बजाज ऑटो कंपनीनें पुढें एप्रिलचे विक्रीचे आंकडे प्रसिद्ध केले. देशांतील विक्रीच्या रकान्यांत शून्य होतें. निर्यातीच्या रकान्यांत मात्र ३७,८७८ वाहनें होतीं. हें शून्य म्हणजे माहितीचा अभाव नव्हे. विक्री झाली नाहीं, हीच त्या महिन्याची माहिती होय.

परंतु व्यापाराचे आलेख काढतांना असा महिना पुष्कळदां नाहींसा होतो. भोसरीच्या एखाद्या लहान कारखान्याचें उदाहरण कल्पावें. त्यानें जानेवारींत ९०० नग विकले, फेब्रुवारींत ९६०, मार्चमध्यें ६००, एप्रिलमध्यें एकही नाहीं व मेमध्यें २४०. कारकून बिलें पुढें घेऊन महिन्यावार बेरीज करतो. एप्रिलचें बिलच नसल्यामुळें एप्रिल हें नांव त्याच्या कागदावर येत नाहीं. संगणकही याहून निराळें करीत नाहीं. झालेल्या नोंदी तो मोजतो, न झालेल्या नोंदी त्यास ठाऊक नसतात. मग आलेखांत मार्चला लागूनच मे येऊन बसतो, आणि जेथें खोल दरी होती तेथें नुसता उतार दिसतो.

प्रश्न केवळ दिसण्याचा नाहीं. एकंदर विक्री २,७०० नग. तिला चार महिन्यांनीं भागिलें तर सरासरी ६७५ येते. पांच महिन्यांनीं भागिलें तर ५४०. मालकानें पहिली सरासरी पेढीपुढें ठेवली व कर्जाचा हप्ता तीवर बांधून घेतला, तर दरमहा १३५ नगांची जी विक्री कधीं झालीच नाहीं, तिच्या भरंवशावर तो हप्ता फेडावयाचा असतो. अशा हप्त्याखालीं लहान कारखाना बुडण्यास वेळ लागत नाहीं.

याच्या उलट चूकही तितकीच घातक आहे. एप्रिलांत कारखाना चालू होता, परंतु त्या महिन्याची वही पावसांत भिजून गेली, असें समजा. तेथें शून्य मांडलें तर ज्या कामगारांनीं महिनाभर राबून माल बाहेर काढला, ते कागदावर रिकामे बसलेले ठरतात. ‘सियाम’ ही वाहन-उत्पादकांची संस्था या बाबतींत सावध राहते. तिच्या अनेक मासिक पत्रकांत टाटा मोटर्स व मर्सिडीज यांसारख्या कंपन्यांचे आंकडे उपलब्ध नाहींत, अशी स्पष्ट टीप असते. पहिलीचा कारखाना पिंपरीस, दुसरीचा चाकणला. दोन्हीकडे गाड्या तयार होतच असतात. ती टीप न वाचतां रिकाम्या घरांत शून्य भरणारा मनुष्य चालता कारखाना बंद पाडतो!

उपाय सोपा आहे. आधीं पंचांग मांडावें, मग हिशेब. वर्षाचे बारा महिने प्रथम क्रमानें लिहावे व नंतर प्रत्येकापुढें त्याचा आंकडा ठेवावा; म्हणजे कोणताही महिना गुपचूप निसटत नाहीं. जेथें खरोखर शून्य आहे तेथें रेषा तळाला टेकवावी. जेथें आंकडा ठाऊक नाहीं तेथें रेषा तोडावी व खालीं कारण लिहावें. जो महिना अजून पुरा व्हावयाचा आहे, त्याच्या अलीकडेच रेषा थांबवावी. उभ्या पट्ट्यांच्या आलेखांत विशेष जपावें लागतें; कारण शून्याची पट्टी व अज्ञाताची पट्टी, दोन्हीही दिसत नाहींत. तेथें शून्याच्या जागीं ‘०’ हा आंकडा लिहिलाच पाहिजे.

कधीं अंदाजानें जागा भरावी लागते. १९ मार्च २०२० पासून बाजारांत प्रत्यक्ष जाऊन भाव टिपण्याचें काम स्थगित झालें, तेव्हां राष्ट्रीय सांख्यिकी कचेरीनें एप्रिलचा सर्वसाधारण ग्राहक किंमत निर्देशांक त्या वेळीं प्रसिद्ध केला नाहीं. पुढें एप्रिल व मे यांचे निर्देशांक दिले, ते अंदाजानें काढलेले आहेत असें सांगूनच दिले. आलेखांत असा भाग तुटक रेषेनें दाखवावा.

कांहीं वर्षांनीं २०२० चा आलेख पाहणारास टाळेबंदीची आठवण असेलच असें नाहीं. बंद फाटकाबाहेर थांबलेले कामगार त्यानें पाहिलेले नसतील. त्या एप्रिलांत काय घडलें हें त्यास सांगणारें तळाला टेकलेलें तें एकच टिंब असेल. तें जागच्या जागीं राहिलें पाहिजे.