शस्त्रक्रियेस होकार देण्यापूर्वीं



१२ जानेवारी १९२४ च्या रात्रीं पुण्याच्या ससून रुग्णालयांत कर्नल मॅडॉक यांनीं महात्मा गांधींच्या आंत्रपुच्छावर शस्त्रक्रिया केली. ती चालू असतांच वीज गेली आणि उरलेलें काम कंदिलाच्या उजेडांत उरकावें लागलें, ही हकीकत आपण ऐकली असेल. मला मात्र तिच्या आधींची घटका अधिक विचारणीय वाटते. गांधीजी त्या वेळीं येरवड्याचे बंदी होते. त्यांच्या विश्वासाचे डॉक्टर दलाल व डॉक्टर जीवराज मेहता तेथें नव्हते. ते येईपर्यंत थांबणें धोक्याचें. तेव्हां श्रीनिवास शास्त्री यांनीं संमतीचा मजकूर लिहिला, गांधीजींनीं त्यावर पेन्सिलीनें सही केली आणि समोर असलेल्या शल्यवैद्याच्या हातीं देह सोंपविला.

थांबतां येतें कीं नाहीं, हा पहिला प्रश्न. रुग्णालय कोणतें, हा दुसरा. आम्ही मालवणकडची मंडळी बहुधा उलट क्रमानें जातों. पोटांत दुखूं लागलें कीं घरांत वाद सुरू: ओरोसला न्यावें, कोल्हापूरला न्यावें, कीं थेट बांबोळी गांठावी? बांबोळीच्या संस्थेची परंपरा १८४२ सालच्या पणजीच्या वैद्यकशाळेपर्यंत पोंचते आणि तिच्यावरील आपल्या लोकांचा विश्वास अनाठायीं नाहीं. पण अडकलेला अंतर्गळ, ज्याला आपण हर्निया म्हणतों, घेऊन घाट चढण्यांत किंवा गोव्याची वाट धरण्यांत जे तास जातात, तेवढ्यांत आंतड्याचा रक्तपुरवठा तुटून तें कुजूं शकतें. अशा वेळीं जेथें शल्यवैद्य व भूलतज्ज्ञ दोघेही हजर आहेत असें जवळांत जवळचें रुग्णालय, तेंच चांगलें. ते हजर आहेत कीं नाहींत, हें निघण्यापूर्वीं दूरध्वनीवरून विचारून घ्यावें.

तोच अंतर्गळ दाबला असतां आंत जात असेल आणि वेदना नसतील, तर डॉक्टरांच्या संमतीनें चार दिवस चौकशीस द्यावयास हरकत नाहीं. चौकशी कसली करावयाची? धोका किती, असें विचारलें कीं पुष्कळदां "घाबरण्यासारखें कांहीं नाहीं" हें उत्तर मिळतें. तें प्रेमळ आहे, पण उत्तर नव्हे. शिवाय एखादा आंकडा मिळालाच, तरी धडधाकट तिशीच्या गृहस्थाचा आंकडा सत्तरीच्या, मधुमेह व हृदयविकार असलेल्या मातोश्रींस लागू पडत नाहीं. म्हणून विचारावें तें असें: माझ्या आईला धोका किती? शस्त्रक्रिया न केल्यास काय होईल? आपण स्वतः अशा शस्त्रक्रिया वर्षाकाठीं किती करतां? रात्रीं दोन वाजतां रक्तस्राव झाला, तर तिच्याजवळ कोण असेल आणि रक्त कोठून येईल? जाणता शल्यवैद्य या प्रश्नांनीं रागावत नाहीं. जो रागावतो, त्याचें उत्तर आपणांस मिळालेंच म्हणावयाचें!

काचेचीं दारें आणि वातानुकूलित खोल्या यांवरून पारख करूं नये. जागतिक आरोग्य संघटनेनें २००८ सालीं १९ कलमांची एक साधी यादी काढली: रोग्याचें नांव, शस्त्रक्रियेची जागा व बाजू, औषधांची वावडीं, शेवटीं हत्यारें व बोळे यांची मोजदाद. ही यादी मोठ्यानें वाचण्याची शिस्त आठ शहरांतील रुग्णालयांनीं लावून घेतली. दिल्ली त्यांपैकीं एक. १.५ टक्के असलेलें मृत्यूंचें प्रमाण त्यानंतर ०.८ टक्क्यांवर आलें, असें १९२४ नव्हे, २००९ सालीं प्रसिद्ध झालें. कंदिलाचा काळ संपल्यावरही मोजदाद विसरण्याची संवय माणसाला असतेच. आपल्या रुग्णालयांत ही यादी वाचतात काय, हें विचारण्यांत संकोच कसला?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा लाभ घ्यावयाचा असेल, तर तें रुग्णालय आणि ती शस्त्रक्रिया, दोन्ही योजनेंत बसतात काय, हें भरती होण्याआधीं पाहावें. रक्त पातळ करणारीं औषधें चालू असल्यास तीं डॉक्टरांना दाखवावीं; आपल्या मनानें बंद करूं नयेत.

आणि एक घरगुती गोष्ट. सकाळीं शस्त्रक्रिया असलेल्या माणसाला "पोटांत कांहींतरी असूं दे" म्हणून चार घोट पेज पाजणाऱ्या मायाळू आत्या-मावशा आपल्याकडे पुष्कळ. भूल दिल्यावर पोटांतलें वर येऊन श्वासनलिकेंत उतरलें, तर प्राणावर बेततें. साधें पाणी सामान्यतः दोन तास आधींपर्यंत चालतें. पेज, दूध, सोलकढी हें अन्न, त्यास निदान सहा तास हवेत. पाजलीच असेल, तर लपवूं नये, भूलतज्ज्ञास सांगावें. शस्त्रक्रिया कांहीं तास पुढें जाईल, इतकेंच.