टन मोजले, ढिबरा वेचणारे कोणी मोजले?

(युवा शिबिरात दुसऱ्या दिवशी झालेलं बोलणं, पत्रकासाठी लिहून काढलेलं.)



आम्हा पोरांना 'कंपन्या आणि शाश्वत विकास' असा विषय दिला आहे. नाव ऐकून मागच्या रांगेतल्या काकांनी तोंड वाकडं केलं, ते आम्ही बघितलं. पण काका, हा शब्द आता आपल्या पाड्यापर्यंत आलाय. कुठे शाळेच्या भिंतीवर कंपनीचा बोर्ड लागतो, कुठे रोपं वाटतात आणि फोटो काढतात. म्हणून तो समजून घेतलेला बरा.

शाश्वत म्हणजे टिकणारं. आपल्या आज्यांना हा शब्द माहीत नव्हता. पण कंद खणला की वेलीचं टोक परत मातीत पुरायचं, हे त्यांना माहीत होतं. कंपन्या हेच लक्ष्य, वर्ष आणि टक्के लावून लिहितात. आज आम्ही एकाच कंपनीचं उदाहरण घेणार आहोत. दहा कंपन्यांना शिव्या देऊन काही शिकता येत नाही.

कंपनीचं नाव मर्क. जर्मनीतल्या डार्मस्टाट शहरातली, १६६८ साली सुरू झालेली. अमेरिकेत मर्क नावाची दुसरी कंपनी आहे, ती वेगळी. ही जर्मन मर्क औषधं करते, प्रयोगशाळेला लागणारी रसायनं करते, आणि अलीकडेपर्यंत रंगाची चमकदार भुकटीही करत होती.

तिची मोठी लक्ष्यं तीन आहेत. पहिलं, २०३० पर्यंत विज्ञान-तंत्रज्ञानातून १ अब्जाहून जास्त माणसांची प्रगती. दुसरं, २०३० पर्यंत मालाच्या सगळ्या साखळ्यांमध्ये शाश्वतता आणणं. तिसरं, २०४० पर्यंत हवामानावर आपला बोजा शून्यावर आणणं. त्यासाठी स्वतःच्या कारखान्यांचा आणि विकत घेतलेल्या विजेचा धूर २०२० च्या तुलनेत २०३० पर्यंत निम्मा करायचा. विकत घ्यायच्या विजेपैकी ८० टक्के वीज सूर्य, वारा, पाणी अशा स्रोतांतून घ्यायची.

हे सगळं ढोंग आहे, असं आम्ही म्हणणार नाही. बिल्हार्झिया म्हणून एक रोग आहे. साचलेल्या पाण्यातून कृमी अंगात शिरतात. आफ्रिकेतल्या लाखो मुलांना तो होतो. त्याच्या गोळ्या ही कंपनी २००७ पासून जागतिक आरोग्य संघटनेला फुकट देते, वर्षाला २५ कोटींपर्यंत. ज्या मुलाच्या पोटात ती गोळी गेली त्याला फायदा झाला. चांगलं ते चांगलंच म्हणायचं.

आता दुसरं लक्ष्य बघा. मालाची साखळी. गाडीचा रंग उन्हात चमकतो, बायकांच्या ओठांची लाली चमचमते, ती चमक कशाने येते? अभ्रकाने. अभ्रकाचे पातळ कपचे दळायचे, त्यावर दुसऱ्या रसायनाचा थर चढवायचा, की मोत्यासारखी चमक येते. मर्क या धंद्यातली मोठी कंपनी होती. आणि हे अभ्रक बऱ्याच प्रमाणात आपल्याच देशातून जायचं, झारखंडच्या कोडरमा आणि गिरिडीह जिल्ह्यांतून आणि शेजारच्या बिहारमधून.

तिथे संथाल आहेत, बिरहोर आहेत, दलित भुइयां आहेत. इंग्रजांच्या काळापासून तिथे शेकडो खाणी चालायच्या. १९८० साली वन संवर्धन कायदा आला. जंगलात खाण चालवायची तर केंद्राची परवानगी लागू लागली, पट्टे पुढे वाढले नाहीत, खाणी बंद पडत गेल्या. १९९१ नंतर सोव्हिएत रशियासारखं मोठं गिऱ्हाईकही गेलं. मालक निघून गेले. माणसं तिथेच राहिली. जुन्या खाणींचे ढिगारे आणि बिळं राहिली. लोक त्यातून कपचे वेचू लागले. तिकडे त्याला ढिबरा म्हणतात. आई-बाप वेचतात, सोबत पोरंही वेचतात, कारण लहान हात बारीक बिळात जातो.

आता एक हिशोब बघा. सरकारच्याच आकड्यांप्रमाणे २०१३-१४ साली देशात अभ्रक निघालं सुमारे १९ हजार टन. त्याच वर्षी परदेशी गेलं सुमारे १ लाख २८ हजार टन. चौथीच्या पोरालाही वजाबाकी येते. वरचं १ लाख ९ हजार टन कुठून आलं? ते ढिबऱ्यातून आलं, आणि ज्या खाणी कागदावर नाहीतच त्यांतून आलं. जी खाण कागदावर नाही तिथे हजेरीपट नाही, किमान मजुरी नाही, आणि माणूस मेला तर पंचनामाही नाही. २०१६ साली थॉमसन रॉयटर्स फाउंडेशनच्या पत्रकारांनी तिथे शोध घेतला. दोन महिन्यांत सात मुलं खाणींत मेली होती आणि ती प्रकरणं दाबली गेली होती, असं त्यांनी लिहिलं. पुढे राष्ट्रीय बाल हक्क आयोगाने पाहणी केली. झारखंडच्या अभ्रक पट्ट्यात ६ ते १४ वयाची ४,५४५ मुलं शाळेत जात नाहीत, असं त्यात निघालं.

कंपनीने काय केलं? आपल्या मालात पोरांची मजुरी आहे हे तिला २००८ च्या सुमाराला कळलं. देश सोडून जायचा मार्ग तिने घेतला नाही. नोंदणी असलेल्या खाणींतूनच माल घ्यायचा, रोजच्या नोंदी ठेवायच्या, बाहेरच्या संस्थेकडून तपासणी करून घ्यायची, असं ठरवलं. गावांमध्ये शाळांना पैसा दिला. २०१७ साली अनेक कंपन्यांनी मिळून जबाबदार अभ्रकासाठी एक मंच काढला, त्यातही ती होती. पाच वर्षांत, म्हणजे २०२२ पर्यंत, बालमजुरी संपवायची असं त्या मंचाने जाहीर केलं. २०२२ आलं आणि गेलं. बालमजुरी संपली नाही. आता २०३० म्हणतात.

साथींनो, का संपली नाही? आम्हाला जे समजलं ते सांगतो. कंपनीची तपासणी साखळीची होते, आणि साखळी सुरू होते परवानाधारक खाणीपासून. ढिबरा वेचणारी बाई त्या साखळीत नाहीच. कायद्याने ती चोर आहे. म्हणजे कंपनी जितकी स्वच्छ होणार, तितकी ती बाई साखळीच्या बाहेर जाणार. तिचा माल मग दलालाकडे जातो, दलालाच्या गोदामात कायदेशीर मालात मिसळतो, आणि दुसऱ्या कोणाच्या साखळीतून जगभर फिरतो. पोराला शाळेत घाला म्हणतात, बरोबरच आहे. पण आईच्या कामाला कायदा मान्यता देत नाही, दलाल देईल तोच भाव तिला घ्यावा लागतो. घर चालत नाही तेव्हा पोरगं परत बिळात उतरतं.

हे आपल्याला नवीन नाही. आपल्याच रानातून मोळी आणली की आपल्या बायांची कोयती हिसकून घेतली जायची. जंगल तेच, बाई तीच. हक्काचा कागद नव्हता म्हणून गुन्हा. आणि कागद आला की काय होतं तेही आपण बघितलंय. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. २०११ साली बांबूच्या वाहतुकीचा परवाना द्यायचा अधिकार ग्रामसभेच्या हातात आला. जो बांबू तोडला की गुन्हा व्हायचा, तोच बांबू ग्रामसभा आपल्या भावाने विकू लागली. बांबू तोच, विकणाऱ्याची जागा बदलली.

कोडरम्याला हे सरळ लागू होत नाही, हेही समजून घ्या. वनहक्क कायदा तिथेही आहे. पण त्यातलं गौण वनोपज म्हणजे झाडापासून मिळणारं: बांबू, तेंदू, मध, मोह. अभ्रक खनिज आहे, ते त्यात बसत नाही. पेसा कायद्यात गौण खनिजासाठी ग्रामसभेची शिफारस लागते. पण कोडरमा आणि गिरिडीह पाचव्या अनुसूचीत नाहीत, म्हणून पेसा तिथे नाही. आणि अभ्रकाचा वर्गही बदलत राहिला. २०१५ मध्ये ते गौण खनिज झालं, २०२५ मध्ये पुन्हा प्रमुख खनिजात गेलं. वेचणाऱ्यांच्या सहकारी संस्था करा आणि त्यांनाच ढिबरा गोळा करायचा हक्क द्या, ही मागणी आहे. आपला त्याला पाठिंबा असला पाहिजे.

शेवटची गोष्ट. मर्कने आपला रंगभुकटीचा सगळा धंदाच विकला. २०२४ मध्ये चीनच्या ग्लोबल न्यू मटेरियल इंटरनॅशनल या कंपनीशी करार झाला, ६६ कोटी ५० लाख युरोला. २०२५ मध्ये व्यवहार पुरा झाला. मुलांच्या प्रश्नामुळे विकला असं आम्ही म्हणत नाही. धंद्याची गणितं असतात, कंपन्या विकतात आणि घेतात. पण याचा अर्थ समजून घ्या. लक्ष्य कंपनीचं होतं, आणि कंपनी त्या गावातून एका सहीने बाहेर पडू शकते. गावाला असं बाहेर पडता येत नाही. ढिबरा आजही वेचला जातोय.

म्हणून उद्या आपल्या पाड्यावर कोणी शाश्वततेचा कागद घेऊन आलं, तर हाकलू नका आणि लगेच अंगठाही देऊ नका. ग्रामसभेत बसवा, चहा द्या आणि चार प्रश्न विचारा.

एक. तुम्ही धूर मोजता, पाणी मोजता. आमची मजुरी आणि आमचा भाव कुठल्या रकान्यात मोजता?

दोन. तुमची साखळी कुठून सुरू होते? रानात वेचणाऱ्या बाईपासून, की गोदामाच्या दारापासून?

तीन. तपासणीचा अहवाल आमच्या भाषेत ग्रामसभेला वाचून दाखवणार का?

चार. धंदा विकून तुम्ही गेलात, तर दिलेला शब्द नव्या मालकावर बांधलेला राहील का? तसं लिहून देणार का?

आणि हे चार प्रश्न ताकदीने विचारता यावेत म्हणून आपलं पहिलं काम तेच, वनहक्काचे सामूहिक दावे. ज्या गावांचे दावे अडकलेत त्यांनी आज दुपारच्या सत्रात नकाशे आणि ठरावाच्या प्रती घेऊन बसावं. हातात हक्काचा कागद असला की कंपनी आपल्याला 'लाभार्थी' म्हणून मोजू शकत नाही. तिला आपल्याशी बोलावंच लागतं.

जल, जंगल, जमीन आमची!
लढेंगे, जीतेंगे! जिंदाबाद!