आपण कोणत्या बैठकीत काय बोलतो?

(यवतमाळ जिल्ह्यातील एका विहारात वर्षावासानिमित्त केलेले भाषण)



नव्याने दीक्षा घेतलेल्या कुटुंबास आपण प्रथम विचारतो, ‘वंदना पाठ झाली काय?’ माझा प्रश्न निराळा आहे. सकाळपासून रात्रीपर्यंत आपण किती बैठकींत बसता, आणि प्रत्येक ठिकाणी आपली वाणी कशी पालटते, हे आपण कधी न्याहाळले आहे काय?

घरी आपण वऱ्हाडी बोलता. पुसदच्या बाजारात गोरमाटी ऐकता, पांढरकवड्याकडे कोलामी व गोंडी. कचेरीत आपण ‘अर्जदार’ होता, विहारात ‘उपासक’ होता. माणूस तोच, परंतु प्रत्येक बैठकीचे शब्द निराळे आणि त्या शब्दांतला मानापमानही निराळा.

आपले पूर्वज गावच्या चावडीसमोर ‘जोहार मायबाप’ म्हणत. कोणी वाकावयाचे आणि कोणी ताठ बसावयाचे, हे त्या दोन शब्दांनीच ठरून जाई. ‘जय भीम’ला उत्तर ‘जय भीम’ हेच मिळते. त्यात वरचा नाही, खालचा नाही. हे अभिवादन रूढ करण्याचे श्रेय कामठीच्या बाबू हरदास यांना दिले जाते. ते १९३९ साली वारले, आणि दीक्षा झाली १९५६ साली. आपल्या समाजाने वाणी आधी पालटली, धर्म मागाहून.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्रिशरण व पंचशील पालीतून झाले. परंतु बावीस प्रतिज्ञा बाबासाहेबांनी मराठीतून वदवून घेतल्या. काय सोडावयाचे हे लाखोंच्या समुदायातील शेवटच्या माणसालाही कळले पाहिजे, हाच त्यामागील हेतू असावा, असे मला वाटते.

आता आपल्या विहाराकडे पाहा. आपण ‘प्रतीत्यसमुत्पाद’ म्हणतो, ‘आर्य अष्टांगिक मार्ग’ म्हणतो. तरुण मान डोलावतात. मागे भिंतीशी बसलेली आजी पुटपुटते, ‘मले काई समजत नाई बाप्पा.’ तिला आपण हसतो. जी भाषा आपल्याला येत नव्हती म्हणून आपल्याला शतकानुशतके बाहेर बसविले गेले, तोच खेळ आपण आपल्याच आजीशी खेळू लागलो, तर त्या बैठकीस विहार का म्हणावे? विनयपिटकाच्या चुल्लवग्गात कथा आहे. ब्राह्मण कुळातून आलेल्या दोन भिक्खूंनी बुद्धवचन छंदांत बांधण्याची अनुज्ञा मागितली. भगवंतांनी त्यांना खडसावले, आणि ते आपापल्या बोलीत शिकण्यास सांगितले. (आचार्य बुद्धघोष येथे मागधी असा अर्थ घेतात, मला तो पटत नाही.)

कचेरीतील बैठक मात्र फार सावधपणे ओळखावी लागते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या यादीतून बौद्ध वगळले गेले होते. तरीही १९६१ च्या जनगणनेत ३२ लाखांहून अधिक लोकांची धर्म म्हणून बौद्ध अशी नोंद झाली. त्यांपैकी जवळजवळ २८ लाख महाराष्ट्रातले होते. केंद्राच्या सवलतीचे दार १९९० च्या दुरुस्तीने उघडले. म्हणून अनुसूचित जातीतून आलेल्या कुटुंबांनी ध्यानात ठेवावे: धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ हेच लिहावे, जातीच्या रकान्यात, दाखल्यासाठी, पूर्वीची अनुसूचित जात लिहावी. दोन्ही रकान्यांत ‘बौद्ध’ लिहून मुलाचा दाखला अडलेला मी पाहिला आहे. पुष्कळांना ही नोंद लाजिरवाणी वाटते. मला ती तशी वाटत नाही. कचेरीचा रकाना हा झालेल्या अन्यायाचा दाखला आहे. आपली ओळख सांगण्याची जागा तो नव्हे. परंतु तोच जातीचा शब्द घरात, सोयरीक जुळविताना, आपल्याच ओठांवर येत असेल, तर मात्र तेथे कोणतीही कचेरी आपल्यावर सक्ती करीत नसते.

येत्या पौर्णिमेस आपण एवढेच करू. बावीस प्रतिज्ञांपैकी एक प्रतिज्ञा मागच्या भिंतीशी बसणाऱ्या आजीने समजावून सांगावी, आपल्या वऱ्हाडीत. तरुणांनी पुढच्या रांगेत बसून ऐकावे, आणि कळले नाही तर तिलाच विचारावे.