डिस्चार्ज रॉड लावला, की राहू द्या



वळवाचा पाऊस झाला की गावोगाव तारा तुटतात, डीओ म्हणजे खांबावरचे फ्यूज उडतात. खांबावर चढणारा माणूस सबस्टेशनला विचारतो, "लाइन बंद झाली का?" पलीकडून उत्तर येतं, "केली." बरेच जण तेवढ्यावर विश्वास ठेवून वर चढतात.

बंद केलेल्या 11 हजार व्होल्टच्या लाइनमध्ये वीज येईल कुठून, असं वाटतं ना? एक वाट आपल्याच घरातून निघते. वीज गेली म्हणून कुणी जनरेटर सुरू करतो. चेंजओव्हर स्विच बसवलेला नसला, तर ती वीज मीटरमधून खांबावर आणि खांबावरून डीपीत जाते. डीपीतला ट्रान्सफॉर्मर एरवी 11 हजारांचे 433 व्होल्ट करतो. उलट बाजूने दिलेल्या घरगुती विजेचे तो तितक्याच इमानदारीने हजारो व्होल्ट करतो. दुसरी वाट शेजारच्या चालू लाइनची. ती समांतर जात असेल, तर कुठेही न टेकता बंद तारेत विजेचा दाब येतो. आणि जमिनीखालची केबल म्हणजे मैलभर लांबीचा कपॅसिटरच. स्विच उघडल्यावरही चार्ज तिच्यात बसून राहतो.

बंद तारेतली ही वीज जमिनीत उतरवण्यासाठी डिस्चार्ज रॉड असतो. पण तो वापरण्याची एक वाईट रीत पडली आहे. हुक तारेला टेकवायचा, ठिणगी पडते का बघायचं, रॉड काढायचा आणि कामाला लागायचं. केबलमधला साठा तेवढ्याने बराचसा उतरेल. शेजारच्या लाइनमुळे येणारा दाब मात्र रॉड निघताच परत हजर होतो. आणि जनरेटर काय, तुम्ही वर असताना अर्ध्या तासानेही सुरू होऊ शकतो. त्यामुळे रॉड काम संपेपर्यंत लावलेला हवा, तिन्ही तारांना आणि कामाच्या दोन्ही बाजूंना.

रॉड लावण्याआधी तार खरंच बंद आहे का, ते तपासायचं. खिशातला टेस्टर इथे उपयोगाचा नाही, त्या दाबासाठी बनवलेला डिटेक्टर लागतो. तोही चालतो आहे ना, हे आधी पडताळून घ्यायचं. मग रॉडच्या वायरचं जमिनीकडचं टोक अर्थिंगला घट्ट बसवायचं आणि त्यानंतरच हुक तारेला लावायचा. हा क्रम उलटला आणि तारेत वीज असली, तर मोकळं टोक तुमच्या हातात असतं आणि जमिनीकडे जाणारी वाट तुमच्या अंगातून होते.

हे सगळं लाइनमनला शिकवलेलं असतं. मला काळजी वाटते ती झिरो वायरमनची. हजेरीपटावर त्याचं नाव नसतं, हातात रॉड नसतो आणि अख्ख्या गावाची घाई त्याच्यामागे लागलेली असते.

दुरुस्तीच्या दुकानांतही हीच गोष्ट लहान आकारात घडते. मायक्रोवेव्ह ओव्हनमधला कपॅसिटर दोनेक हजार व्होल्टचा असतो. प्लग काढल्यावर त्यातला चार्ज उतरावा म्हणून बहुतेक कपॅसिटरमध्ये एक रेझिस्टर बसवलेला असतो. चांगला असेल तर मिनिटभरात काम करतो. जळलेला असेल तर करत नाही, आणि तो जळलाय हे बाहेरून दिसत नाही. कारागीर स्क्रूड्रायव्हरने दोन्ही टोकं जोडून फट्‌कन ठिणगी पाडतात. त्याने टोकं जळतात, डोळ्यात कण उडतो. प्लग काढून काही मिनिटं थांबावं, उच्च दाबाच्या इन्सुलेशनमध्ये बसवलेल्या रेझिस्टरच्या प्रोबने चार्ज उतरवावा आणि मग टोकं वायरने जोडून काम होईपर्यंत तशीच ठेवावीत. कारण रिकामा केलेला कपॅसिटर काही वेळाने स्वतःहून थोडं व्होल्टेज परत दाखवतो. मोठ्या कपॅसिटरच्या बाबतीत हे जीवघेणं ठरू शकतं. घरच्यांनी मात्र ओव्हनचं झाकण उघडूच नये.

पुन्हा खांबाकडे येऊ. काम झालं की रॉड काढताना आधी तारेकडचा हुक, मग जमिनीकडचं टोक. किती लावले होते ते मोजून तितकेच काढायचे. एखादा राहिला आणि लाइन चालू केली, तर तिथेच शॉर्ट. सगळी माणसं खाली उतरली, की ज्याच्या नावावर लाइन बंद ठेवून काम करण्याचं परमिट घेतलं होतं त्यानेच ते परत करायचं. दुसऱ्याच्या फोनवरून "झालं हो साहेब" एवढं सांगून भागत नाही.