बिघाड कोणी केला?



या व्यासपीठावर आजवर वेदान्तापासून अर्थकारणापर्यंत पुष्कळ विषय झाले. आम्ही आज आपणांपुढे एक जुना संगणक उघडणार आहोत. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे इचलकरंजीच्या यंत्रमागांवर जॉबरच्या हाताखाली, आणि नंतर कामगार संघटनेच्या कचेरीत झाले. तेव्हा विद्वानांनी आमच्या बोलण्यात शास्त्राची परिभाषा शोधू नये. बिघाड कसा शोधावा एवढेच आम्हांस थोडेफार कळते; आणि तेही एक मोठी चूक करून बसल्यावर कळले.

गोष्ट २०१९ सालची. कचेरीत २००४ साली वर्गणी काढून घेतलेला एक संगणक होता. पेंटियम चार जातीचा, ५१२ मेगाबाइट मेमरीचा, ४० गिगाबाइटच्या डिस्कचा. आजच्या पोरांच्या खिशातल्या फोनपुढे तो काहीच नव्हे. परंतु त्याच्या पोटात आमच्या सभासदांची नोंदवही होती. मागावरच्या माणसाला पगाराची चिठ्ठी क्वचित मिळते. कोण कोणत्या कारखान्यातून किती वर्षे वर्गणी देत आला, हे मालकाच्या वहीत नसले तरी आमच्या नोंदीत असे. त्या सुमारास एका कामगाराच्या २२ वर्षांच्या नोकरीच्या ग्रॅच्युइटीचा दावा चालू होता. तेव्हा लागू असलेल्या १९७२ च्या कायद्याप्रमाणे दर वर्षामागे १५ दिवसांचे वेतन मिळावयाचे. म्हणजे वर्षे सिद्ध होणे हाच सारा खटला. सुनावणीला चार दिवस उरले आणि संगणक बंद पडला.

नोंदी करावयास एका सभासदाची मुलगी संध्याकाळी येत असे. बंद पडला तो तिच्या हातात. त्यातच अलीकडच्या काही वर्गण्यांवर १ जानेवारी २००४ अशी तारीख पडलेली असल्याचे कोणाच्या तरी ध्यानात आले. झाले! समितीतले एकजण म्हणाले, पोरीने भलतेच काहीतरी दाबले. दुसरे म्हणाले, तारखा कोणी फिरवल्या आणि कोणासाठी, याचाही विचार करा. आणि आम्ही, ज्यांनी चौकशीवाचून कामगाराला काढता येणार नाही म्हणून मालकांच्या दारात दिवसचे दिवस काढले, ते आम्ही तिला म्हणालो, "बाळ, किल्ली ठेव आणि उद्यापासून येऊ नकोस." ती रडली नाही. एवढेच म्हणाली, "काका, मी दोनदा सांगितलं होतं, हे यंत्र दमतं. जरा वेळ बंद ठेवलं की परत चालतं." आम्हांस ते पोरकट वाटले.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाला आला. त्याने झाकणसुद्धा न काढता निकाल दिला, "बोर्ड गेला, नवा घ्या." तेव्हा मात्र आम्हांस आमच्या जॉबरची आठवण झाली. माग थांबला की विणकर म्हणे कांडी वाईट भरली, कांडीवाला म्हणे विणकराला चालवता येत नाही. जॉबर दोघांकडे दुर्लक्ष करी असे नव्हे; तो दोघांनाही एकच विचारी, "थांबायच्या आधी काय झालं?" मग एकच गोष्ट बदलायची, माग चालवून पाहायचा, आणि त्यानंतर दुसरी. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि माग चालू झाला, तर तो कशाने चालू झाला हे कधीच कळत नाही. त्याच रीतीने आम्ही त्या पेटीपुढे बसलो. सोबत आमचा एक रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा मित्र होता.

पहिले काम पुरावा वाचवण्याचे. यंत्र मेले तरी चालेल, नोंदी मरता कामा नयेत. भिंतीतली पिन काढली, पेटी उघडली, पत्र्याला हात लावून अंगातली वीज उतरवली आणि डिस्क बाहेर काढली. त्या काळच्या डिस्कला रुंद पट्टीसारखी केबल असते, आणि मागे एक चिमुकली टोपी असते. मित्राच्या जुन्या यंत्रात ती दुय्यम म्हणून जोडावयाची तर ती टोपी दुसऱ्या जागी बसवावी लागते. एवढे केल्यावर सारी नोंदवही पडद्यावर आली. २२ वर्षांच्या वर्गणीची यादी त्याच रात्री छापून घेतली.

येथे थांबलो असतो तरी दावा चालला असता. पण त्या चुकीच्या तारखा यादीत तशाच होत्या, आणि समोरचा वकील त्यांवर बोट ठेवल्यावाचून राहिला नसता. म्हणून पुढे गेलो. बोर्डावर रुपयाएवढी एक गोल बॅटरी असते, सीआर २०३२ नावाची. वीज नसताना यंत्रातले घड्याळ चालू ठेवणे हे तिचे काम. ती ३ व्होल्टची असावयाची, मीटरवर १.९ दिसले. म्हणजे रात्री कचेरीचे मेन बटण बंद केले की घड्याळ जन्मतारखेला परत जाई, आणि सकाळची पहिली नोंद २००४ सालात पडे. तारखा फिरवणारा हात सापडला. त्याची किंमत तीस रुपये होती.

आता बंद पडण्याचे. मुलीचे शब्द आम्ही प्रथमच साक्ष म्हणून घेतले. डिस्क परत जोडून यंत्र चालू केले, घड्याळ समोर ठेवले. बारा मिनिटांत बंद. लगेच चालू केले तर चार मिनिटांत बंद. अर्धा तास विसावा दिला, पुन्हा बारा मिनिटे. पोरीने 'दमतं' म्हटले होते ते अक्षरशः खरे होते! फार तापले की आपण होऊन बंद पडण्याची सोय त्या प्रोसेसरमध्येच असते. पंखा काढून पाहतो तो खालच्या पट्ट्यांमध्ये कापसाचे तंतू असे दाटून बसलेले, की गादी भरावी. आमच्या गावात हवेत कापूस असतो हे आम्ही छातीच्या रोगांविषयी बोलताना शेकडो वेळा सांगितले आहे; कचेरीतल्या यंत्रालाही छाती असते हे सुचले नाही.

साफ केले, प्रोसेसरवरचे वाळलेले मलम पुसून नवे लावले. आता यंत्र चाळीस मिनिटे चालले आणि मग बंद न पडता जागच्या जागी गोठले. एका बिघाडाआड दुसरा उभा होता. मेमरीच्या दोन पट्ट्या होत्या. त्यांची टोके खोडरबराने घासून एकेक लावून पाहिली. दोन्हींसह तेच होई, म्हणून दोघींनाही निर्दोष सोडले. मग वीजपुरवठ्याची पेटी मित्राकडची लावली. तरी तेच, म्हणून तीही सुटली. (ही पेटी मात्र कोणी उघडू नये. पिन काढल्यावरही तिच्यात ३०० व्होल्टच्या वर वीज साठून राहू शकते.)

उरला बोर्ड. दुरुस्तीवाल्याचे म्हणणे शेवटी खरेच ठरले म्हणा ना! पण बोर्डात काय? प्रोसेसरच्या शेजारी बोटाच्या पेराएवढ्या डब्या उभ्या असतात, त्यांस कपॅसिटर म्हणतात. नळाचे पाणी कमी-अधिक येते म्हणून आपण घरावर टाकी ठेवतो, तसे त्यांचे काम. १२ व्होल्टची वीज उतरवून प्रोसेसरला दीड व्होल्टच्या आसपास, तीही न हलणारी, द्यावयाची असते. यांतल्या तीन डब्यांची डोकी फुगली होती आणि एकीवर तपकिरी खरपुडी आली होती. इ.स. २००० च्या पुढच्या काही वर्षांत अशा सदोष डब्या जगभरच्या बोर्डांवर बसल्या. आतल्या द्रवाचा मसाला चुकला होता, त्याचा वायू होई आणि डोके फुगे. शिवाय १० अंश उष्णता वाढली की डबीचे आयुष्य निम्मे होते, असा ठोकताळा आहे. म्हणजे कापसाने ताप वाढवला आणि तापाने डब्या मारल्या. मित्राने तितक्याच क्षमतेच्या तीन नव्या डब्या, धन-ऋण बाजू पाहून, डाग देऊन बसवल्या. यंत्र पुढे तीन वर्षे चालले.

या धंद्यातली एक जुनी गोष्ट सांगतो. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या मार्क दोन या संगणकाच्या एका रिलेत पतंग अडकलेला सापडला. तो चिकटपट्टीने नोंदवहीत डकवून ठेवला गेला. ग्रेस हॉपर बाईंनी ही गोष्ट जगभर सांगितली, पण पतंग सापडला तो यंत्र चालवणाऱ्या मंडळींना. बिघाडाला 'बग' म्हणण्याची रीत त्याच्याही आधीची, एडिसनच्या काळातली. आम्हांस आवडते ते हे की सापडलेली वस्तू त्यांनी वहीत लावली, कोणाचे नाव लावले नाही.

सुनावणीत आम्ही यादीसोबत ती मेलेली बॅटरीही नेली होती. समोरच्यांनी तारखा काढल्याच. आम्ही बॅटरी आणि मीटर पुढे ठेवले. दावा मंजूर झाला.

मुलीच्या घरी आम्ही त्याआधीच गेलो होतो. समितीला घेऊन गेलो, कारण तिला काढले ते सर्वांदेखत. तिच्या आईने चहा केला. माफी मागितल्यावर मुलगी म्हणाली, "काका, येते मी. पण मी काही सांगितलं तर ते वहीत लिहायचं." तशी वही आम्ही केली. तिच्यात आजही तारीख, वेळ आणि यंत्र चालवणाऱ्याचे शब्द लिहिले जातात.

तो बोर्ड आणि त्या तीन डब्या येथे टेबलावर ठेवल्या आहेत. ज्यांना पाहावयाच्या असतील त्यांनी पुढे यावे. पिन काढलेली आहे.