डांबर संपतं तिथून पुढे

इटलीतला टस्कनी हा प्रदेश आपल्यापैकी अनेकांनी निदान कॅलेंडरवर तरी पाहिलेला असतो. लाटांसारख्या टेकड्या, त्यांच्या अंगावरून वळत जाणारा पांढरट मातीचा रस्ता, कडेला सुरूसारखी सरळसोट झाडं आणि माथ्यावर तटबंदीतलं एखादं जुनं गाव. जगभरातले हौशी धावपटू तिथं पळायला जातात. चियांटीच्या द्राक्षमळ्यांतून तर खास मॅरेथॉन होते. सकाळी एका गावातून निघायचं, टेकडी उतरायची, दुसरी चढायची आणि पुढच्या गावच्या चौकात जाऊन कॉफी प्यायची, असा एकूण बेत.

मला बोलायचंय ते मात्र पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या रस्त्यांबद्दल. पळण्याचा नाद असलेली मुंबई-ठाण्याकडची मंडळी लोणावळ्याला जातात, साताऱ्याला जातात. जव्हारला फारसं कुणी जात नाही. खरं तर टेकड्या आणि त्यांच्यावर वसलेलं ऐतिहासिक गाव हा जो मेळ लोक इटलीत शोधतात, तो इथं मुंबईपासून दीडशे किलोमीटरच्या आत आहे.

जव्हार समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंचीवर, पठारावर वसलेलं आहे. मुकणे घराण्याच्या संस्थानाची ही राजधानी. संस्थान लहान, पण चौदाव्या शतकापासून १९४८च्या विलीनीकरणापर्यंत टिकलेलं. गावात नगरपालिका आली १९१८ साली. एवढ्याशा डोंगरी गावात इतक्या लवकर नगरपालिका असावी याचं मला नेहमी कौतुक वाटतं. गावाबाहेर झाडीत जयविलास राजवाडा आहे. त्याचे घुमट तुम्ही एखाद्या सिनेमात पाहिलेही असतील.

इथली पहिली धाव गावातच करावी. एस.टी. स्टँडवरून निघा, राजवाड्याच्या बाजूला जा, हनुमान पॉइंटवर थांबून खालची दरी बघा, परत फिरून सनसेट पॉइंट गाठा आणि मग शिरपामाळ. सुरतेच्या पहिल्या स्वारीला जाताना शिवाजी महाराजांचा मुक्काम या माळावर पडला होता आणि जव्हारच्या राजाने इथं त्यांना शिरपेच देऊन त्यांचा सन्मान केला, म्हणून हा शिरपामाळ, असं परंपरा सांगते. सुरतेची ती स्वारी १६६४च्या जानेवारीतली. घोडदळ घेऊन या डोंगरातून सुरतेच्या बाजूला उतरणं म्हणजे काय, हे पुस्तकात वाचून कळत नाही. इथले दोन चढ पळून बघितले की थोडं कळतं. गल्लीबोळ धरून फिरलात तर सहा-सात किलोमीटर सहज होतात आणि छातीही भरून येते.

दुसरा रस्ता दाभोसा धबधब्याचा. लेंडी नदी तिथं सुमारे तीनशे फूट खाली कोसळते. जव्हारपासून अठरा-वीस किलोमीटर, म्हणजे जवळपास अर्धी मॅरेथॉन. सरावाशिवाय या रस्त्याच्या वाटेला जाऊ नये, कारण तो सारखा वर-खाली होतो.

चढ-उतारावर पळणं हे वेगळंच शास्त्र आहे. सपाटीवरचा धावपटू इथं येतो, पहिल्या चढाला जोर लावतो आणि दुसऱ्या चढाला चालायला लागतो. चढावर पावलं आखूड ठेवायची, नजर दहा-पंधरा फुटांवर ठेवायची आणि घड्याळाकडे बघायचं नाही. चढावर गमावलेलं उतारावर भरून निघतं, असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. अल्बर्टो मिनेट्टी या इटालियन शास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर यावर प्रयोग केले आणि २००२ मध्ये ते प्रसिद्ध झाले. उतारावर पळताना शक्ती कमी लागते हे खरं, पण शंभर मीटरला वीसेक मीटर एवढ्या उतारापर्यंतच. त्याहून तीव्र उतारावर शरीर आवरण्यातच पुन्हा शक्ती जायला लागते. मांडीचे स्नायू ब्रेकसारखे वापरावे लागतात. म्हणून डोंगरात पळालेल्या माणसाच्या मांड्या दुसऱ्या दिवशी जिना उतरताना बोलतात, चढताना नाही.

डोंगरात शर्यत कशी भरवावी हे आपल्याकडे साताऱ्याने दाखवून दिलं. २०१२ पासून तिथं हिल हाफ मॅरेथॉन होते. शहरातून यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचं आणि तसंच परत यायचं. २०१५ मध्ये या शर्यतीची गिनीज बुकात नोंद झाली, तेव्हा अडीच हजारांवर धावपटूंनी ती पूर्ण केली होती. मराठ्यांच्या जुन्या राजधानीत, अजिंक्यताऱ्याच्या साक्षीने पळण्याची मजा काही औरच. मग जव्हारलाही अशी शर्यत का नको, असं मला बरेच जण विचारतात. असावी. पण त्याआधी इथल्या रस्त्यांबद्दल एक गोष्ट बोलायला हवी.

टस्कनीतल्या त्या पांढऱ्या मातीच्या रस्त्यांवर मध्यंतरी डांबर पडायला लागलं होतं. ते वाचवावेत म्हणून १९९७ साली गायोले इन चियांटी या गावातून ‘लेरोइका’ नावाची सायकलफेरी सुरू झाली. जुन्या सायकली, जुने लोकरी जर्सी आणि कच्चे रस्ते. पुढे २००७ पासून त्याच भागात व्यावसायिक सायकलपटूंची ‘स्त्रादे बियांके’, म्हणजे ‘पांढरे रस्ते’, ही शर्यत सुरू झाली. ती सिएनाच्या मुख्य चौकात संपते. कच्चा रस्ता हाच तिथला वारसा ठरला.

धावपटू म्हणून मला हे पटतं. डांबरापेक्षा माती गुडघ्यांना सुखाची. जव्हारच्या आसपास डांबर संपून लाल मातीची वाट लागली की पायच सुखावतात. बाजूला नागली-वरईची खाचरं, साग, ऐन, मोह, फाल्गुनात पेटलेले पळस. पण इथं दोन-चारदा पळालं की एक गोष्ट लक्षात येते. पाड्यावरून पळत गेलात तर लोक कौतुकाने बघत नाहीत, ते काळजीने बघतात. एकदा एका म्हातारीने मला हात करून थांबवलंच. “काय झाला रं दादा? कुनाला काय झाला?” मोठा माणूस पळतोय म्हणजे कुणाला साप चावलाय, कुणाचं बाळंतपण अडलंय, नाहीतर कुणी गेलंय. तब्येतीसाठी पळतोय हे तिला समजावून सांगताना माझी जीभ अडखळली.

वावर-वांगणी हे नाव बऱ्याच श्रोत्यांच्या कानावर असेल. जव्हार तालुक्यातला हा भाग. १९९२ साली तिथं शंभरावर आदिवासी मुलं कुपोषणाने आणि आजारपणाने दगावली आणि हे नाव महाराष्ट्राच्या पहिल्या पानावर आलं. तेव्हा हा सगळा मुलूख ठाणे जिल्ह्यात होता. पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ रोजी. त्या मृत्यूंची कारणं एकाहून अधिक होती. भूक होती, साथी होत्या, हाताला काम नव्हतं. पण अंतर हेही त्यातलं एक. तापाने फणफणलेलं मूल कडेवर घेऊन दवाखान्यापर्यंत पोचायला किती तास लागतात, यावर पुष्कळ काही ठरतं.

आणि हे सगळं इतिहासजमा झालेलं नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाडा तालुक्यातल्या बोटोशी गावच्या मरकटवाडीत एका बाईची वेळेआधी घरीच प्रसूती झाली. जुळी बाळं वाचली नाहीत. रस्ता नसल्याने तिला डोली करून सुमारे तीन किलोमीटर न्यावं लागलं, तेव्हा कुठे वाहन मिळालं. तीन किलोमीटर. आपल्यासारख्या हौशी धावपटूला पंधरा-वीस मिनिटं. पावसात, निसरड्या वाटेवर, खांद्यावर डोली घेतलेल्या माणसांना किती लागतात ते त्यांनाच ठाऊक.

त्यामुळे टस्कनीचा न्याय इथं लावता येत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथं डांबर आणि दवाखाना दोन्ही आधी पोचलं, मग लोकांना मातीची आठवण झाली. इथं मातीचा रस्ता पक्का झाला की मला वाईट वाटता कामा नये, आणि खरं सांगायचं तर आता वाटतही नाही. पळणाऱ्याला पायवाटा पुष्कळ उरतात. पाड्यावरून पाड्यावर जाणाऱ्या, नदीवर उतरणाऱ्या, जंगलात सरपणाला जाणाऱ्या. त्या कुणी आपल्यासाठी आखलेल्या नाहीत. चालून चालून पडलेल्या आहेत, म्हणूनच चढाचा सर्वांत शहाणा मार्ग त्यांनी काढलेला असतो.

या वाटांनी तयार केलेलं एक मोठं नाव शेजारच्याच डोंगरातलं आहे. मोखाड्याला लागून असलेल्या त्र्यंबकेश्वर तालुक्यात, हरसूलजवळ सावरपाडा आहे. तिथली कविता राऊत. २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत तिने दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं. १९५८ साली मिल्खासिंगांनी सुवर्णपदक जिंकलं होतं, त्यानंतर या स्पर्धेत धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीत भारताला पदक मिळालं ते हे. त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत तिला रौप्यपदक मिळालं आणि २०१६ मध्ये ती रिओ ऑलिंपिकची मॅरेथॉन धावली. लोक तिला ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ म्हणायला लागले. जव्हारच्या रस्त्यावर आश्रमशाळेतली मुलं कधी कधी गंमत म्हणून आपल्याबरोबर पळायला लागतात. दप्तर पाठीवर, पायात चपला. शंभर-दोनशे मीटर बरोबर येतात, मग हसत पुढे निघून जातात. जव्हारला शर्यत झालीच तर पहिली पाच बक्षिसं कुठं जातील याबद्दल मला शंका नाही. फक्त प्रवेश फी त्यांच्यासाठी नसावी.

तिसरा रस्ता मोखाड्याकडचा. खोडाळ्याच्या बाजूला देवबांधचं गणपतीचं देऊळ, पुढे सूर्यमाळ. हवा थंड, वर्दळ कमी आणि पावसाळ्यात धुकं इतकं की पुढचं वळण दिसत नाही. तेव्हा भडक रंगाचा शर्ट घालावा आणि उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल असं पळावं. पळायला सर्वांत चांगला काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मात्र याच दिवसांत बरेच पाडे अर्धे रिकामे दिसतील. दिवाळी झाली की घरंच्या घरं वीटभट्ट्यांवर कामाला जातात, वसई-भिवंडीकडे. पहाटे पळताना बोचकी, भांडी आणि झोपाळलेली मुलं घेऊन नाक्यावर टेम्पोची वाट बघणारी कुटुंबं भेटतात.

याच तालुक्यात मध्य वैतरणा धरण आहे. शंभर मीटरहून उंच, मुंबईला पाणी देणारं. आणि याच तालुक्यात दर उन्हाळ्यात पाड्यांवर टँकर येतात. पाऊस इथं धो धो पडतो, पण डोंगर उतारावरून वाहून जातो आणि मार्चनंतर विहिरी तळाला लागतात. बायका हंडे घेऊन ज्या वाटेने उतरतात, तीच वाट आपल्याला चढाच्या सरावासाठी उत्तम वाटते.

म्हणून एक व्यवहाराची सूचना. एप्रिल-मे मध्ये इकडे पळायला आलात तर पाणी जव्हारच्या स्टँडवरूनच भरून घ्या, लागेल त्यापेक्षा एक बाटली जास्त. वाटेत कुठल्याही दारात मागितलं तर पाणी मिळेल, तांब्या भरून मिळेल. न मागताही पुढे करतील. पण तो तांब्या कुणीतरी पहाटे विहिरीच्या तळाशी उतरून, वाटीवाटीने भरून आणलेला असतो.