लोणारच्या दगडाआधीची धूळ



आपल्या बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर आपण पाहिलं असेलच.
आकाशातून एक पाषाण आला.
काळ्या बेसॉल्ट खडकावर आदळला.
आणि पावणेदोन किलोमीटरहून रुंद खड्डा पडला.

पण तो पाषाण आला कुठून?
त्याची सुरुवात होती धूळ.
हो, नुसती धूळ!

साडेचार अब्ज वर्षांपूर्वी सूर्य नवजात होता.
त्याच्याभोवती वायूची चकती फिरत होती.
तिच्यात धुरासारखी बारीक धूळ होती.
कण एकमेकांना चिकटत गेले.
पण खड्याएवढे झाले, की अडचण येई.
टक्कर झाली, की ते उसळत, नाहीतर फुटत.
शिवाय वायूच्या अडथळ्याने सूर्याकडे घसरत.

मग धुळीचे डोंगर झाले कसे?
इथे कामी आली असावी वायूची खळबळ.

पैनगंगेला पूर आला, की काठाशी जरा थांबून बघा.
पाणी खळाळतं, तरी काडीकचरा सगळीकडे सारखा नसतो.
काही जागी तो दाटतो.
चकतीतही तसंच होतं.
खळबळ धूळ पांगवते, हे खरं.
पण तीच खळबळ काही जागी धूळ गोळाही करते.
भोवरे कणांना बाहेर भिरकावतात.
भोवऱ्यांच्या मधल्या जागेत कण दाटतात.
दाटी पुरेशी झाली, की गुरुत्वाकर्षण त्यांना आवळून घेतं.

अशी चकती प्रत्यक्ष दिसलीही आहे.
चिलीतल्या आल्मा दुर्बिणीने २०१४ साली वृषभ राशीतल्या एका तरुण ताऱ्याचं चित्र टिपलं.
त्याच्याभोवती धुळीची कडी स्पष्ट दिसतात.

आता लोणारला गेलात, तर तिथल्या मातीचा विचार करा.
त्या आघाताने वितळलेल्या खडकाचे काचेसारखे बारीक मणी तिच्यात सापडले आहेत.